नवरंगाचे माहेर : झाडीपट्टीची वने

वैनगंगा, वर्धा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या परिसरात वसलेला चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा प्रदेश म्हणजे महाराष्ट्राच्या वनसंपत्तीचे मोठे भांडार होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. परंतु अरण्याला जिल्ह्याच्या सीमा ठाऊक नसतात. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांची वने दोन्ही जिल्ह्यांत सारखीच आढळतात. या वनांचे नाव निघाले की प्रथम वाघ आठवतो. ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान असून १९९५ पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणून त्याची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. वाघाच्या या कीर्तीपुढे, त्याच वनात पायाखालच्या पाचोळ्यात वावरणारा एक लहानसा, परंतु अत्यंत देखणा पक्षी मात्र दुर्लक्षित राहिला आहे. त्याचे नाव नवरंग.

पावशा ‘पेरते व्हा’ अशी साद घालू लागला की शेतकऱ्याची पावले शेताकडे वळतात. नवरंगही त्याच सुमारास या वनांत साद घालू लागतो. पावशाची हाक सर्वांच्या परिचयाची आहे. नवरंगाची शीळ मात्र ऐकूनही अनेकांना ओळखता येत नाही. ही ओळख करून घेणे केवळ पक्षिप्रेमाखातर आवश्यक आहे असे नाही. वनाची जमीन निरोगी आहे किंवा नाही, हे ज्या जीवांच्या अस्तित्वावरून समजू शकते, त्यांत नवरंगाचा समावेश करावा लागेल.

रंगांची उधळण

नवरंगाची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बुलबुलाएवढी असते. मात्र शेपटी अगदी आखूड, शरीर गुटगुटीत आणि पाय लांब असल्याने त्याची ठेवण बुलबुलाहून अगदी वेगळी दिसते. पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार फिकट निळा पट्टा, छाती व पोट पिवळसर बदामी, पोटाच्या खालचा व शेपटीखालचा भाग किरमिजी, गळा पांढरा, डोळ्यावरून मागे जाणारी रुंद काळी पट्टी व तिच्यावर भुवईसारखी पांढरी रेघ, डोक्यावर बदामी रंग आणि मधोमध काळी रेषा, असे त्याचे रूप असते. उडताना काळ्या पंखांवरील पांढरा ठिपका क्षणभर चमकून जातो. नर व मादी दिसण्यात सारखेच असतात.

एवढे रंग असलेला पक्षी सहज दृष्टीस पडावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो दिसणे कठीण असते. याचे कारण त्याच्या रंगांच्या मांडणीत आहे. भडक किरमिजी रंग पोटाखाली दडलेला असतो आणि वरून दिसणारी पाठ हिरवी असते. पक्ष्याने पाठ फिरवली की तो ओल्या पानांत मिसळून जातो. विज्ञानाच्या शिक्षकांना येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगता येईल. पक्ष्यांच्या पिसांतील निळी छटा सामान्यतः निळ्या रंगद्रव्यामुळे येत नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशकिरण विशिष्ट प्रकारे विखुरले जातात व आपल्या डोळ्यांस निळा रंग भासतो. म्हणूनच असे पीस कुटून भुकटी केल्यास त्याचा निळेपणा नाहीसा होतो.

नावाचा इतिहास

नवरंगाचे शास्त्रीय नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’ असे आहे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६६ साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्यांनी त्याला चक्क कावळ्यांच्या गटात घातले होते. ‘ब्रॅकियुरा’ या शब्दाचा अर्थ ‘आखूड शेपटीचा’ असा आहे. पुढे १८१६ मध्ये फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो यांनी या पक्ष्यांसाठी ‘पिट्टा’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली.

हा ‘पिट्टा’ शब्द मूळचा तेलुगू असून त्याचा अर्थ लहान पक्षी असा होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरी व प्राणहितेच्या काठी वसलेल्या सिरोंचा तालुक्यात तेलुगू ही घराघरांत बोलली जाणारी भाषा आहे. तेथील मूल घराच्या अंगणातील चिमणीपाखरांसाठी जो शब्द सहज वापरते, तोच शब्द आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांच्या एका संपूर्ण कुळाचे नाव म्हणून जगभरच्या शास्त्रग्रंथांत रूढ झाला आहे, ही या भागाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट म्हटली पाहिजे. तमिळनाडूत हा पक्षी ‘सहा वाजताचे पाखरू’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. कारण पहाटे आणि सायंकाळी तिन्हीसांजेच्या वेळी तो हमखास शीळ घालतो.

वर्षावनाचे कूळ, पानझडीचे वन

नवरंगाच्या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य जाती मलेशिया, इंडोनेशिया व बोर्निओसारख्या विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांतील सदाहरित वर्षावनांत राहतात. तेथे बाराही महिने पाऊस, जमीन कायम ओली, पानांचा थर कायम कुजत असलेला आणि त्यात गांडुळे, गोगलगायी व कीटक यांची कायम रेलचेल असते. जमिनीवर उड्या मारत भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्याला याहून सोयीचे ठिकाण कोणते असणार?

चंद्रपूर व गडचिरोलीची वने या प्रकारची नाहीत. ही उष्ण प्रदेशातील पानझडी वने होत. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, बहुतेक वृक्ष निष्पर्ण होतात, जमीन तडकते. अशा वनात वर्षावनाच्या कुळातील पक्ष्याने काय करावे? नवरंगाने या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेव्हा वर्षभराचा बहुतेक पाऊस पडतो, तेव्हा हेच पानझडी वन काही काळ वर्षावनासारखे होते. नेमके तेवढेच महिने नवरंग येथे राहतो.

हिवाळा तो दक्षिण भारतात व श्रीलंकेत घालवतो. मे महिन्याची अखेर व जूनचा प्रारंभ या सुमारास तो मध्य भारतातील वनांत येऊन दाखल होतो आणि पावसाळा सरला की पुन्हा दक्षिणेकडे निघून जातो. हा सर्व प्रवास तो रात्रीच्या वेळी करतो. आखूड शेपटीचा व जमिनीवर वावरणारा हा पक्षी फार बळकट उडणारा नाही. तरीही तो दरवर्षी शेकडो किलोमीटरचे अंतर कापतो.

आपण त्याला पाहुणा म्हणतो. पण हा शब्द पुरेसा नाही. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. नवरंगही वीण घालण्यासाठी येथे येतो. येथे जन्मलेली पिले याच मातीतील किड्यांवर वाढतात. या अर्थाने झाडीपट्टी हे त्याचे माहेर आहे आणि माहेराने लेकीची जी काळजी घ्यावयाची, ती घेणे हे येथील लोकांचे काम ठरते.

शीळ, घरटे आणि पिले

नवरंग दिसण्यापूर्वी ऐकू येतो. मान मागे टाकून, चोच वर करून तो दोन सुरांची स्वच्छ, मोठी शीळ घालतो. एकाने शीळ घातली की थोड्या अंतरावरून दुसरा उत्तर देतो आणि मग पहाटेच्या वेळी वनाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून हा संवाद सुरू राहतो. बुलबुल, दयाळ यांसारखे पक्षी आपले गाणे बहुतांशी ऐकून शिकतात; नवरंगाचे कूळ ज्या गटात मोडते, त्यातील पक्ष्यांना आपला आवाज सामान्यतः जन्मतःच अवगत असतो.

घरटे बांधण्याचे काम पाऊस स्थिरावू लागताच सुरू होते. मध्य भारतात जून महिन्यात विणीचा भर असतो. वाळलेली पाने, गवत व काटक्या यांचे चेंडूसारखे गोल घरटे जमिनीवर किंवा झुडपाच्या खालच्या फांद्यांत रचलेले असते. आत जाण्यासाठी बाजूने एक वाटोळे दार असते. दुरून पाहणाऱ्यास तो पाचोळ्याचा साधा ढीग वाटतो आणि हीच त्या घरट्याची सुरक्षितता होय. त्यात चार ते पाच चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची अंडी असतात. या कुळातील पक्ष्यांत अंडी उबविण्यास साधारणतः १४ ते १८ दिवस लागतात व नर आणि मादी दोघेही उबविण्याच्या व पिले भरविण्याच्या कामात सहभागी होतात.

पाचोळ्याची किंमत

पिलांना भरविण्यासाठी लागणारे अन्न नवरंग जवळजवळ सर्वस्वी जमिनीवरूनच मिळवतो. टुणटुण उड्या मारत तो पानांच्या थरावरून फिरतो, चोचीने एकेक पान बाजूस सारतो आणि त्याखालचे किडे, अळ्या, वाळवी, मुंग्या, गांडुळे व लहान गोगलगायी टिपतो. मध्येच थांबून आखूड शेपटी वरखाली हलविण्याची त्याला सवय आहे. या कुळातील काही जाती तर गोगलगायीचा शंख दगडावर आपटून फोडतात.

म्हणजेच नवरंगाचे कोठार पाचोळ्याखाली असते. हा पाचोळा कसा तयार होतो, हे समजून घेतले पाहिजे. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत वनातील वृक्ष पाने गाळतात. ही पाने जमिनीवर थराने साचतात. त्या थराखाली ओलावा टिकून राहतो. पहिल्या पावसाने पाने भिजतात. बुरशी व सूक्ष्म जीव ती कुजवू लागतात. वाळवी व गांडुळे आपल्या कामास लागतात. त्यांच्या मागे इतर कीटक येतात. नेमक्या याच वेळी नवरंग येथे पोहोचतो. पाने गळणे, पाऊस पडणे, किडे वाढणे व पक्षी येणे ही एकाच साखळीची कडी आहेत.

ही साखळी केवळ पक्ष्याच्या उपयोगाची नाही. पाचोळ्याच्या थरामुळे पावसाच्या थेंबांचा मारा जमिनीवर थेट होत नाही, माती वाहून जात नाही आणि पाणी मुरण्यास अवधी मिळतो. कुजलेल्या पानांचे खत झाडांना मिळते. नवरंग जेथे दरसाल पिले वाढवू शकतो, तेथील जमिनीत ही कामे चालू आहेत, असा ढोबळ निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

वणवा काय जाळतो?

नवरंगाच्या या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा उन्हाळ्यात तुटतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वन विभाग आगीचा हंगाम मानतो. या काळात झाडीपट्टीत वारंवार वणवे लागतात.

वरवर पाहता वणव्याचा नवरंगाशी संबंध दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जंगल पेटते, तेव्हा नवरंग दक्षिणेत असतो. त्याचे घरटे, अंडी वा पिले त्या आगीत सापडत नाहीत. परंतु तो येण्यापूर्वीच त्याची शिदोरी जळून गेलेली असते. जमिनीलगत पसरणारी आग मोठ्या वृक्षांना फारशी इजा करीत नाही, म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. ती जाळते तो पाचोळ्याचा थर, त्यातील जीव, घरट्याला आडोसा देणारी झुडपे आणि नुकतीच उगवलेली रोपे. एकदा जळलेला थर पुढील पानगळीपर्यंत पुन्हा तयार होत नाही. जूनमध्ये पक्षी येतो तेव्हा त्याच्यासमोर उघडी, राखेने माखलेली जमीन असते.

या वणव्यांमागे पुष्कळदा मनुष्याचाच हात असतो. मात्र त्यामागील कारणे समजून न घेता केवळ दोष देण्याने प्रश्न सुटणार नाही. मोहाची फुले पहाटे गळून पडतात. पाचोळ्यात पडलेली फुले दिसावीत व वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालची पाने पेटविण्यात येतात. तेंदूला चांगली कोवळी पाने फुटतात, या समजुतीनेही आग लावली जाते. मोहफूल व तेंदूपत्ता ही वनातील आदिवासी व अन्य ग्रामीण कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात रोख पैसा आणणारी साधने आहेत. शेतीचे काम नसलेल्या दिवसांत या उत्पन्नावर वर्षभराच्या अनेक गरजा भागतात. तेव्हा वेचणाऱ्याच्या उत्पन्नाला धक्का न लावता आग टाळणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

हा मार्ग अशक्य नाही. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूस लोटला, अथवा फुलांच्या हंगामापुरती झाडाखाली जाळी किंवा जुने कापड अंथरले, तर आग लावण्याची गरजच उरत नाही. शिवाय फुले स्वच्छ मिळतात. तेंदूच्या झुडपांची फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी केल्यास नवी पाने फुटतात. आणि आगीचे एक नुकसान तर वेचणाऱ्यालाच सोसावे लागते. वर्षानुवर्षे झाडाखाली आग लावल्याने मोहाची रोपे तगत नाहीत. आज जी झाडे फुले देतात, ती म्हातारी होतील तेव्हा त्यांची जागा घेण्यास नवी झाडे असणार नाहीत. नवरंगाचे हित आणि नातवंडांसाठी मोह राखू इच्छिणाऱ्या कुटुंबाचे हित येथे एकच आहे.

पाचगावचा निर्णय

वनाविषयीचे असे निर्णय आता मोठ्या प्रमाणात गावांच्या हाती आले आहेत. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळू लागले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असे हक्क प्राप्त झाले आणि देशात या बाबतीत अग्रेसर गावांत त्याची गणना झाली.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. बांबूच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळू लागले. त्यानंतर पाचगावच्या ग्रामसभेने एक असाधारण निर्णय घेतला. तेंदूपत्ता तोडण्यासाठी फांद्यांची मोठी छाटणी होते व वनाला आगी लावल्या जातात, म्हणून त्या उत्पन्नावर पाणी सोडून तेंदूपत्ता संकलन बंद करण्याचे गावाने ठरविले. पुढे तेंदूची झाडे सुधारली व गावकऱ्यांना तेंदूची फळे अधिक मिळू लागली. याशिवाय वनाचा एक भाग देवराईप्रमाणे पूर्णतः राखून ठेवण्यात आला.

प्रत्येक गावाला तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडणे परवडेल असे नाही. पाचगावच्या हाती बांबू होता, म्हणून हा त्याग शक्य झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे. तथापि आगीविषयीचा निर्णय बाहेरून कोणी लादला नाही. तो गावाने आपल्या हिताचा हिशेब मांडून घेतला, यात पाचगावचे खरे महत्त्व आहे. जी ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करते, ती खरेदीदाराशी होणाऱ्या करारात ‘आग लावल्यास संकलन थांबविले जाईल’ अशी अट घालू शकते.

गाव, शाळा व कार्यालय यांचे कर्तव्य

भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्षी पकडणे, मारणे, त्यांची अंडी घेणे वा घरटी उद्ध्वस्त करणे यांस मनाई आहे. नवरंग सुदैवाने अद्याप दुर्मिळ झालेला नाही. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त जातींत मोडत नाही. पण कायदा दंड करू शकतो, पाचोळा राखू शकत नाही. त्यासाठी गावाचीच नजर हवी.

पंचायत सदस्यांनी फेब्रुवारीपूर्वीच्या ग्रामसभेत मोहफुले आगीविना वेचण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. जाळरेषा काढणे व आग विझविणे या कामांत वन विभागाला साहाय्य करणारी तरुणांची तुकडी गावोगाव असावी. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. त्या नोंदवहीत नवरंगासाठी एक पान राखून ठेवणे अवघड नाही.

शिक्षकांचे काम याहूनही सोपे व आनंदाचे आहे. शाळा सुरू होण्याच्या सुमारासच नवरंगाची शीळ ऐकू येऊ लागते. ती प्रथम कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात ऐकली, हे विद्यार्थ्यांनी दरवर्षी वहीत लिहून ठेवावे. त्याच पानावर त्या उन्हाळ्यात तो भाग जळला होता किंवा नाही, याचीही नोंद करावी. पाच-दहा वर्षांत अशा नोंदींतून गावाच्या वनाचा जो इतिहास तयार होईल, तो कोणत्याही अहवालाइतकाच मोलाचा ठरेल. घरट्याजवळ जाणे मात्र कटाक्षाने टाळावे. स्थलांतराच्या काळात थकलेला नवरंग कधी घराच्या पडवीत वा शाळेच्या वर्गात सापडतो. त्याला पिंजऱ्यात ठेवू नये. हवेशीर छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधारात व शांततेत विश्रांती द्यावी आणि नजीकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे.

वाघाच्या संरक्षणासाठी मोठे प्रकल्प, मोठा निधी आणि सशस्त्र रक्षक लागतात. नवरंगाची मागणी त्या मानाने फारच माफक आहे. उन्हाळ्यात गळलेली पाने पावसाळ्यापर्यंत जमिनीवर राहू द्यावीत, एवढेच त्याला पुरे आहे. ज्या गावात एवढे जमेल, त्या गावाच्या वनात जून उजाडला की पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू येईल आणि त्याच जमिनीत मोहाचे नवे रोपही मूळ धरील.